डोकं आहे, सराव नाही: सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेबद्दल आपल्या तरुणांशी स्पष्ट बोलणे

दरवर्षी १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या स्तंभापुढे प्रचंड जनसमुदाय उभा राहतो. १८१८ च्या लढाईतील ज्या सैनिकांची नावे त्या दगडावर कोरली आहेत, त्यांत बावीस महार सैनिक आहेत, हे आपल्या दहा वर्षांच्या पोरालाही पाठ असते. हाच पोरगा सतरा वर्षांचा झाला की त्याला विचारा, अग्निवीरच्या लेखी परीक्षेत एका चुकीच्या उत्तराला किती गुण कापले जातात? उत्तर येत नाही. इतिहास पाठ आहे, परीक्षा माहीत नाही. आमच्या मते आजच्या आंबेडकरी तरुणापुढचा हा साधा पण गंभीर प्रश्न आहे आणि या लेखात आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. भारतीय सैन्यात जवान म्हणून जा किंवा एन.डी.ए.तून अधिकारी म्हणून जा, तिथे अनुसूचित जातींना आरक्षण नाही. जागा राखीव नाहीत, वयात सवलत नाही, कटऑफ वेगळा नाही. एन.डी.ए.च्या अर्जाची फी तेवढी आपल्याला माफ आहे. हे असावे की नसावे हा वाद जरूर घालावा, आम्हीही घालतो. पण वाद मिटेपर्यंत पोरांचे वय थांबत नाही. ज्या दाराला आरक्षणाची कडी नाही, त्या दारातून आत जायचे तर परीक्षेचे तंत्र हीच एक किल्ली हातात उरते. म्हणून परीक्षा कशी द्यायची हा आमच्यासाठी केवळ करिअरचा विषय नाही, सामाजिक विषय आहे.

दुसरी गोष्ट. पूर्वी भरती म्हणजे आधी मैदान आणि मग लेखी. पहाटे चारला उठून रस्त्यावर पळणारी पोरे आपल्या प्रत्येक वस्तीत दिसतात, ती याच सवयीतून. पण २०२३ पासून सैन्याने हा क्रम उलटा केला. आता आधी संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, आणि तिच्या गुणवत्ता यादीत नाव आले तरच मैदानावर बोलावणे. म्हणजे सोळाशे मीटर कितीही जोरात पळा, लेखीत मागे राहिलात तर तुमचे पळणे बघायलाही कोणी बसलेले नसते. तरीही आपली पोरे दिवसाचे तीन तास पळतात आणि अर्धा तास वाचतात. गावोगावच्या भरती अकादम्याही फी घेतात ती मैदानाची, लेखीसाठी जाडजूड गाईड हातात ठेवून मोकळ्या होतात.

विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत पोरांना घेऊन येणाऱ्या आया एक वाक्य हमखास बोलतात. "दादा, याला डोकं नाही हो, पण पळतो चांगला. भरतीचं तेवढं बघा." बोलणाऱ्या माऊलीच्या मनात काही वाईट नसते. पण हे वाक्य तिचे नाही. ते पिढ्यान्पिढ्या आपल्याला ऐकवले गेले आणि शेवटी आपल्याच तोंडी बसले. अंग तुमचे, डोके त्यांचे, ही वाटणी जातिव्यवस्थेची आहे. म्हणून अभ्यासाच्या युक्त्या सांगण्याआधी या "डोकं नाही"चा हिशेब चुकता करणे भाग आहे.

सैन्य आणि बुद्धीचाचणी यांचे नाते जुने आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ नंतर, अमेरिकेच्या सैन्याने सुमारे १७ लाख लोकांची चाचणी घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी आर्मी अल्फा, न येणाऱ्यांसाठी आर्मी बीटा. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली ते झाले. ही चाचणी जन्मजात बुद्धी मोजते असा दावा होता. प्रत्यक्षात प्रश्न काय होते? बाजारातल्या एका नावाचा पदार्थ खाण्याचा आहे की दात घासण्याचा, अमुक एक माणूस बेसबॉलचा खेळाडू आहे की लेखक, अशा तऱ्हेचे. ज्याच्या घरी ते डबे येत होते आणि ज्याच्या हाती वर्तमानपत्र पडत होते, तो "बुद्धिमान" ठरला. शेतमजूर, नुकताच बोटीतून उतरलेला स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय "मंद" ठरले. कार्ल ब्रिगम या प्राध्यापकाने १९२३ साली याच आकड्यांवर पुस्तक लिहून वंशांची उतरंड मांडली.

पुढे काय झाले ते आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे. ओटो क्लाइनबर्ग या संशोधकाने हेच आकडे पुन्हा तपासले. उत्तरेकडील ओहायो, इलिनॉय, न्यूयॉर्क या राज्यांतील कृष्णवर्णीयांचे गुण दक्षिणेतील काही राज्यांतील गोऱ्यांपेक्षा जास्त निघाले. रंग तोच, मग गुण का वाढले? कारण शाळा बदलली होती. दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेली मुले जितकी जास्त वर्षे तिथल्या शाळेत राहिली तितके त्यांचे गुण वाढत गेले, असे त्यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. क्लाइनबर्ग ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते, तिथे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब शिकून गेले होते. खुद्द ब्रिगमला १९३० साली आपले निष्कर्ष मागे घ्यावे लागले.

आपल्याकडे याच रोगाचे नाव "लढाऊ जाती" असे होते. इंग्रजांच्या सेनापतींनी, त्यांत लॉर्ड रॉबर्ट्स आघाडीवर, काही जाती जन्मतः लढाऊ आणि बाकीच्या नालायक असा सिद्धांत चालवला आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांचे बापजादे सुभेदार-जमादार होते ते एका फटक्यात "अपात्र" ठरले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ त्याच फौजेतले सुभेदार आणि तिथल्या शाळेचे शिक्षक. गोपाळबाबा वलंगकरांनी या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला, नंतर शिवराम जानबा कांबळे यांनीही पाठपुरावा केला. १९१७ साली युद्धाची गरज पडली तेव्हा महारांची पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर १९२१ साली ती मोडली. १९४१ साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, तेव्हा त्यांच्या प्रयत्नांनंतर महार रेजिमेंट उभी राहिली. म्हणजे पात्रता रक्तात कधीच नव्हती. ती कोणी दिली आणि कोणी काढून घेतली, हाच खरा इतिहास आहे.

मग मित्रांनो, आजच्या परीक्षेकडे कसे बघायचे? ही परीक्षा तुमची बुद्धी मोजत नाही. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या तऱ्हेचे प्रश्न सोडवण्याचा तुमचा सराव मोजते. ज्या घरात आठवीपासून क्लास आहे, त्या पोराचा सराव आधीच झालेला असतो. आपल्याला तो बाहेरून, जाणूनबुजून आणि कमी वेळात करावा लागतो. करता येतो. कसा, ते आता आकड्यांत बघू.

अग्निवीर जनरल ड्युटीची लेखी ५० प्रश्नांची, १०० गुणांची आणि एका तासाची असते. सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान, गणित आणि थोडे तर्काचे प्रश्न. बरोबर उत्तराला २ गुण, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. उत्तीर्ण होण्याची किमान मर्यादा ओलांडली म्हणजे काम झाले, असे समजू नका. निवड गुणवत्ता यादीने होते, किमान गुणांनी नाही.

आता वजा गुणांचे गणित. "निगेटिव्ह मार्किंग आहे, येत नसेल तर सोडून दे" हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो अर्धवट आहे. चार पर्याय आहेत आणि तुम्हाला काहीच येत नाही असे धरा. अशा चार प्रश्नांवर डोळे मिटून खूण केली तर सरासरीने एक बरोबर, तीन चूक. म्हणजे २ मिळाले, दीड गेला, अर्धा गुण उरला. फायदा नगण्य, नशिबावर अवलंबून. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत एवढे कळले, तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक. २ मिळाले, अर्धा गेला, दीड उरला. म्हणजे प्रत्येक प्रश्नामागे पाऊण गुण. समजा एका पोराला २८ प्रश्न पक्के येतात. त्याचे ५६ झाले. आणखी १२ प्रश्नांत तो दोन-दोन पर्याय कापू शकतो. भीतीने ते सोडले तर ५६ वरच राहील. सोडवले तर त्यातले सरासरी सहा बरोबर येऊन १२ गुण मिळतील, सहा चुकून ३ जातील, आणि तो ६५ वर पोहोचेल. नऊ गुणांचा हा फरक ज्ञानाचा नाही, माहितीचा आहे. ही माहिती क्लासवाल्यांच्या पोरांना पहिल्या दिवशी मिळते, आपल्याला परीक्षा झाल्यावर कळते.

म्हणून आमच्या अभ्यासिकेत नियम ठरलेला आहे: तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत, साधारण २५ मिनिटांत, सगळे ५० प्रश्न वाचायचे आणि बघताक्षणी येणारेच सोडवायचे. गणित लांबलचक दिसले की पुढे जायचे, थांबायचे नाही. दुसऱ्या फेरीत येणारी पण वेळ खाणारी गणिते घ्यायची, त्याला आणखी २० मिनिटे. तिसऱ्या फेरीत दोन पर्याय कापता येतील तेवढेच प्रश्न. शेवटची तीन मिनिटे काही नवीन न करता खुणा तपासायला. आपली पोरे हमखास अडकतात ती पहिल्या दहा प्रश्नांतल्या एखाद्या अवघड गणितापाशी. "एवढं येत नाही म्हणजे काय" म्हणून हट्टाला पेटतात आणि चार मिनिटे घालवतात. शेवटी सोप्या सामान्य ज्ञानाचे पाच प्रश्न वाचायचे राहतात. जिद्द मैदानात दाखवा. संगणकापुढे हिशेबी व्हा.

गणितात वेग येतो तो पाढ्यांनी आणि ठरावीक युक्त्यांनी. तिसापर्यंतचे वर्ग, पंधरापर्यंतचे घन तोंडपाठ पाहिजेत. २४० चे १५ टक्के काढायला गुणाकार मांडायचा नाही. दहा टक्के २४, त्याचे निम्मे १२, एकूण ३६. ताशी ७२ किलोमीटर वेगाची १५० मीटर लांब गाडी २५० मीटरचा पूल किती वेळात ओलांडेल? ७२ ला ५ ने गुणून १८ ने भागले की सेकंदाला २० मीटर. अंतर गाडी अधिक पूल, म्हणजे ४०० मीटर. उत्तर २० सेकंद. ज्याने या जातीची पन्नास गणिते सोडवली आहेत त्याला हे अर्ध्या मिनिटात येते. ज्याने एकही सोडवलेले नाही तो पूल विसरतो आणि साडेसात सेकंदाच्या पर्यायावर खूण करतो. तो पर्याय तिथे मुद्दाम ठेवलेला असतो. परीक्षा घेणाऱ्याला आपली चूक आधीच माहीत असते, आपल्यालाही ती माहीत पाहिजे.

विज्ञानासाठी महागडे गाईड घेऊ नका. आठवी ते दहावीची राज्य मंडळाची पुस्तके पुरेशी आहेत आणि ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात. इथे भाषेचा मुद्दा येतो. २०२५ पासून ही परीक्षा मराठीसह तेरा भाषांत देता येऊ लागली. हे चांगले झाले. पण आपली पोरे मोबाईलवर शिकतात ती हिंदी व्हिडिओंवरून. तिथे ती औसत, अनुपात, लाभ-हानि, घनत्व शिकतात. मराठी पेपरात सरासरी, गुणोत्तर, नफा-तोटा, घनता येते. लसावि आणि मसावि पाहून गोंधळलेला पोरगा आम्ही पाहिला आहे, ज्याला तेच गणित हिंदीत तोंडी येत होते. म्हणून पेपर कोणत्या भाषेत द्यायचा हे पहिल्या आठवड्यात ठरवा आणि शेवटपर्यंत त्याच भाषेत सराव करा. वहीच्या मागच्या पानांवर मराठी, हिंदी, इंग्रजी असे तीन रकाने करून शब्द लिहीत जा. मराठी शाळेत शिकल्याची लाज बाळगून इंग्रजी पेपर निवडू नका आणि अस्मिता म्हणून मराठीही निवडू नका. ज्या भाषेत तुम्ही जलद वाचता ती तुमची परीक्षेची भाषा.

संगणकाचेही तेच. मोबाईल हातात आहे म्हणून संगणक येतो असे होत नाही. माऊस कधीच न धरलेला पोरगा पडद्यालाच बोट लावतो, उत्तर निवडतो पण ते जतन करायचे राहून जाते. परीक्षेआधी किमान आठ-दहा पूर्ण सराव चाचण्या संगणकावर, घड्याळ लावून द्या. घरी नसेल तर शाळेत, ग्रामपंचायतीत, सायबर कॅफेत, जिथे मिळेल तिथे.

आणि प्रत्येक चाचणीनंतर चुकांची वही. पाने तीन भागांत विभागा: येत नव्हते म्हणून चुकले, येत होते पण घाईत चुकले, वेळ संपला म्हणून राहिले. महिनाभरात दिसून येते की बहुतेक गुण दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात गेलेले असतात. ज्या माऊलीला वाटत होते पोराला डोके नाही, तिला ही वही दाखवावी. पहिला रकाना रिकामा होत जातो आणि गुण जातात ते घाईने. घाई हा बुद्धीचा दोष नाही, ती सरावाने जाते.

आता एन.डी.ए. आपल्या समाजात जवान होण्याची चर्चा खूप, अधिकारी होण्याची फार कमी. बारावीत शिकणारा किंवा बारावी झालेला, साडेसोळा ते साडेएकोणीस वयोगटातला कोणीही ही परीक्षा देऊ शकतो. लोकसेवा आयोग ती वर्षातून दोनदा घेतो. २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मुलींनाही दार उघडले आणि २०२५ च्या मे महिन्यात मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडली. गणित ३०० गुणांचे, १२० प्रश्न. सामान्य क्षमता ६०० गुणांची, १५० प्रश्न. प्रत्येकी अडीच तास. वजा गुण एक तृतीयांश, म्हणजे इथे अंदाजाने खूण केली तर सरासरीने हाती शून्य येते. एक तरी पर्याय कापता आला तरच हात घालायचा. पेपर फक्त इंग्रजी आणि हिंदीत, शिवाय २०० गुणांचे इंग्रजी वेगळे. म्हणून तयारी अकरावीला नाही, आठवी-नववीला सुरू व्हावी. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. छत्रपती संभाजीनगरला राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे, दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो, मुलींसाठी नाशिकला सोय झाली आहे. आपल्यातल्या किती पालकांना हे माहीत आहे?

लेखीनंतरची एस.एस.बी. मुलाखत पाच दिवस चालते आणि तिला ९०० गुण आहेत, लेखीइतकेच. साठ शब्द दाखवतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येणारे वाक्य लिहायचे. चित्रे दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. आमचा अनुभव असा की आपली पोरे गोष्टीत नायकाला सोसायला लावतात, काही करायला लावत नाहीत. गरीब होता, अपमान झाला, रडला, शेवटी देवमाणूस भेटला. असे लिहू नका. तुम्ही स्वतः जे केले ते आठवा. जयंतीची वर्गणी गोळा करून पै-पैचा हिशेब मांडला, मिरवणुकीत गर्दी सांभाळली, विहारात वाचनालय लावले, रक्तदान शिबिर भरवले. सैन्य ज्याला नेतृत्व म्हणते ते हेच. मुलाखतीत घरची माहिती विचारतात तेव्हा वडील गवंडी आहेत, आई धुणीभांडी करते, हे मान वर करून सांगा. आणि चळवळीविषयी विचारले तर घोषणा ऐकवू नका, काम सांगा.

अग्निपथ योजनेविषयी आमचे मत लपवण्याचे कारण नाही. १४ जून २०२२ ला जाहीर झालेल्या या योजनेत नोकरी चार वर्षांची, नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवानिधीत कापून एकवीस हजार हातात. शेवटी सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी, पण पेन्शन नाही. ज्या समाजाला फौजेच्या पेन्शनीने गावकीच्या गुलामीतून बाहेर काढले, त्या समाजाला पेन्शन जाण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. १९२१ साली गरज सरल्यावर पलटण मोडली होती. चार वर्षांनंतर चारांतल्या तिघांना घरी पाठवण्याच्या व्यवस्थेकडे आम्ही त्याच संशयाने बघतो. "मग कशाला पाठवता पोरांना?" असे आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतात. आमचे उत्तर असे की योजनेला विरोध जरूर करा, पण आपला पोरगा गेला नाही म्हणून ती योजना बंद पडत नाही. जो जाईल त्याने डोळे उघडे ठेवून जावे. चार वर्षांत पदवी पूर्ण करावी, सेवानिधीची रक्कम लग्नात आणि गाडीत घालू नये.

आणि एकाच परीक्षेवर आयुष्य टांगू नये. हाच अभ्यास महाराष्ट्र पोलीस भरतीला आणि निमलष्करी दलांच्या एस.एस.सी. जी.डी. परीक्षेला चालतो, आणि त्या दोन्ही ठिकाणी आपल्याला आरक्षण आहे. डाव मात्र बदलतो. पोलीस भरतीची लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांची आणि वजा गुण नसलेली. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे नुकसान. एस.एस.सी. जी.डी.त ८० प्रश्न आणि तास एकच, म्हणजे ४५ सेकंदांत एक, चुकीला पाव गुण वजा. ती परीक्षाही आता मराठीत देता येते. नियम बदलतात, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना स्वतः वाचा, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशावर जाऊ नका. अधिसूचनेत कागदपत्रांची यादीही असते. दाखल्यावर "हिंदू महार", घरच्या नोंदीत "बौद्ध", दहावीच्या गुणपत्रिकेत नावाचे स्पेलिंग वेगळे, असे घोळ आपल्याकडे घरोघर आहेत. ते अर्ज भरण्याआधी तहसीलमध्ये निस्तरा, भरतीच्या रांगेत नाही.

आता एक अप्रिय गोष्ट, आणि ती आम्ही पुढाऱ्यांना उद्देशून लिहीत आहोत. भरतीत पोलीस पडताळणी असते. ३ जानेवारी २०१८ च्या महाराष्ट्र बंदनंतर आपल्या अनेक तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्यांचा राग खरा होता आणि कारणही खरे होते. पण मोर्चात पुढे काढलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरावर गुन्हा पडला की त्याच्या प्रत्येक भरतीपुढे तो उभा राहतो. पुढाऱ्याचे पद वाढते, पोराचे वय निघून जाते. आंदोलन थांबवा असे आम्ही म्हणत नाही. पण ज्यांच्या परीक्षा डोक्यावर आहेत अशांना दगडाच्या जवळ जाऊ देऊ नये, आणि ज्यांच्यावर गुन्हे आहेत त्यांच्यासाठी वकील उभा करणे, खटला मागे घेण्याचा पाठपुरावा करणे हे संघटनेचे काम आहे. ज्याच्या नावाने घोषणा दिली त्याची तारीख कोर्टात कोण सांभाळतो, यावरून संघटना ओळखावी.

शेवटी संघटनांकडे आमची मागणी लहान आहे. डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले तर विहारात दोन जुने संगणक येतात. त्यावर आठवड्याला एक सराव चाचणी घ्या. वस्तीत निवृत्त जवान असतील, शिक्षक असतील, त्यांना रविवारचे दोन तास मागा. बार्टीच्या पूर्वप्रशिक्षणाच्या जाहिराती निघतात तेव्हा त्या फलकावर लावा आणि पोरांचे अर्ज तिथेच बसून भरा. यादीत नाव आलेल्याचा सत्कार कराच, पण ज्याचे नाव दोन गुणांनी हुकले त्याची चुकांची वही घेऊन त्याच आठवड्यात त्याच्या शेजारी बसा. पुढच्या वेळी यादीत येण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याचीच असते, आणि नेमका तोच तेव्हा घरात तोंड लपवून बसलेला असतो.

आपल्या पूर्वजांना अपात्र ठरवणाऱ्यांकडे कसलीही परीक्षा नव्हती, नुसता शिक्का होता. आज निदान प्रश्नपत्रिका समोर आहे, तिचे नियम छापलेले आहेत आणि ते शिकता येतात. पोरांनो, उद्या पहाटे पळायला जरूर जा. पण आल्यावर आंघोळ करून झोपू नका. घड्याळ लावा आणि पन्नास प्रश्न सोडवायला बसा.

जय भीम!